हुलाचे क्रौंच आणि मक्याचा हिशेब

उत्तर इस्रायलच्या हुला खोऱ्यात जानेवारीतल्या सकाळी दोन गाड्या कामाला निघतात. एक ट्रॅक्टर ठरवून दिलेल्या शेतात मका पसरत जातो आणि हजारो क्रौंच त्याच्या मागे चालत येतात. दुसरी गाडी जवळच्याच हरभऱ्याच्या शेताकडे वळते, आणि तिची चाहूल लागताच तिथे उतरलेले क्रौंच उठतात. पाखरू तेच. एका शेतात त्याला बोलवायचे पैसे, शेजारच्या शेतातून हाकलायचे पैसे, आणि दोन्ही खर्च एकाच योजनेचे.

आपल्याकडे जोंधळ्याच्या माचावर गोफण घेऊन बसणाऱ्याला हा प्रकार ऐकून हसू येईल. मलाही पहिल्यांदा आलं होतं. पण आकडे मांडत गेलो तेव्हा योजनेतलं शहाणपण दिसलं, आणि थोडं आणखी पुढे गेल्यावर तिच्यातली खोटही दिसली. पिकाची नासाडी करणारं आणि त्याच हंगामात गावाला पैसा मिळवून देणारं स्थलांतरित जनावर सांभाळायचं कसं, या प्रश्नाचं इतकं उघडंवाघडं उदाहरण दुसरं मला माहीत नाही.

आधी पाखराची ओळख. हा राखाडी रंगाचा सामान्य क्रौंच. वजन चार ते सहा किलो, पसरलेले पंख दोन मीटरहून रुंद. विणीला पश्चिम रशिया, फिनलंड, बाल्टिक देश या बाजूला. वर्षाला दोन अंडी, त्यातलं बहुधा एकच पिल्लू हाती लागतं. थंडी पडू लागली की त्यातले काही थवे दक्षिणेला निघतात, इस्रायलवरून जातात आणि काही थेट इथिओपिया गाठतात. उजनी-जायकवाडीच्या काठी हिवाळ्यात दिसणारा कांड्या करकोचा हा याचाच अंगाने लहान भाऊबंद. इस्रायल हा युरोप-आशिया आणि आफ्रिका यांना जोडणारा चिंचोळा पट्टा असल्यामुळे वर्षातून दोनदा तिथून सुमारे ५० कोटी पक्षी जातात, असं नेहमी सांगितलं जातं. जाणारे जातात, त्यांचा कुणाला त्रास नाही. हुलाची गोष्ट थांबणाऱ्यांची आहे.

तळं आटवलं, मग परत भरलं

हुला हे मूळचं तळं, आणि त्याला लागून पसरलेली पाणथळ. डासांचा आणि हिवतापाचा प्रदेश. १९५१ ते १९५८ या काळात ज्यू नॅशनल फंडाने, म्हणजे केकेएल या संस्थेने, चर खणून ते आटवलं. शेतीला जमीन हवी होती. नव्या देशाच्या दृष्टीने तो पराक्रमच होता. विरोध करणारे मूठभर होते, आणि त्या विरोधातूनच १९५३ मध्ये तिथली निसर्ग संरक्षण संस्था उभी राहिली. १९६४ मध्ये दक्षिणेचा एक तुकडा राखीव झाला, तो देशातला पहिला निसर्ग राखीव प्रदेश.

जमीन मिळाली, पण ती पीटची निघाली. पाण्याखाली शतकानुशतकं अर्धवट कुजलेल्या झाडपाल्याचा हा थर. वर पाणी असेपर्यंत तो शांत राहतो. उघडा पडला की हवेने जळत जातो, खचतो, भुसभुशीत होऊन वाऱ्यावर उडतो, आणि मधूनच जमिनीखाली आग धुमसत राहते. वर उंदीरघुशींचा सुळसुळाट. त्यातून सुटणारं नायट्रेट पावसाबरोबर जॉर्डन नदीत आणि तिथून किनेरेत सरोवरात जायचं. १९६४ पासून देशाची राष्ट्रीय जलवाहिनी याच सरोवरातून पाणी उचलत होती. म्हणजे वरच्या खोऱ्यातली खराब शेती खालच्या शहरांच्या पिण्याच्या पाण्यावर येऊन बसली.

म्हणून १९९४ मध्ये खोऱ्याच्या मध्यावर साधारण १०० हेक्टर जमीन पुन्हा पाण्याखाली घातली. त्याला नाव पडलं आगमोन, म्हणजे छोटं तळं. यातला अर्थशास्त्राचा मुद्दा साधा आहे. जमीन इतकी उतरली होती की ती सोडण्याचं मोल फारसं राहिलं नव्हतं, आणि ज्यांची शेती गेली त्यांना पर्यटनाच्या उत्पन्नात वाटा मिळेल असं ठरलं. क्रौंच या करारात मुख्य पात्र नव्हते. पाणी स्वच्छ राहावं, पीट भिजत राहावं, चार पर्यटक यावेत, एवढाच बेत. (जाता जाता : नामशेष ठरवलेला हुलाचा चित्रबेडूक २०११ मध्ये या खोऱ्यात पुन्हा सापडला. त्याला मात्र कुणी दाणे टाकत नाही.)

त्याच सुमाराला खोऱ्यात भुईमुगाचं पीक पसरलं. रात्री उभं राहायला उथळ, कोल्ह्यापासून सुरक्षित पाणी आणि दिवसा शेंगा. पूर्वी वरवर उतरून पुढे जाणारे क्रौंच हिवाळाभर थांबू लागले. पुढे पुढे त्यांची संख्या ३०,००० आणि त्याहून वर गेली.

सरवा कुठे संपतो

क्रौंच नुकसान करतो, हे वाक्य अर्धवट आहे. कधी करतो, हे विचारायला हवं.

भुईमूग काढताना यंत्र वेल उपटून उलटा पाडतं आणि शेंगा शेतातच वाळत राहतात. तेव्हा उतरलेला क्रौंच शेतकऱ्याच्या घरातलं खातो. शेंगा गोळा झाल्या की मातीत राहिलेल्या, तुटून पडलेल्या शेंगा उरतात. त्याला आपण सरवा म्हणतो. सरवा खाणाऱ्या क्रौंचाचं नुकसान शून्य. उलट पुढच्या हंगामात आपोआप उगवून येणारी रोपं कमी झाली, तर थोडी मदतच. मग सरवा संपतो किंवा नांगरटीखाली जातो आणि गहू, हरभरा, इतर कडधान्यं पेरली जातात. इथून खरा घोर सुरू. पेरलेला दाणा उकरून काढणं आणि कोवळा कोंब उपटणं हे क्रौंचाच्या लांब चोचीला अगदी सोपं काम.

म्हणजे तोच पक्षी ऑक्टोबरात चोर, नोव्हेंबरात सफाई कामगार आणि डिसेंबरात पुन्हा चोर. वर्षाचा एकच सरासरी आकडा काढून ‘एका क्रौंचामागे इतकं नुकसान’ असं मांडणारे अहवाल माझ्या मते काही कामाचे नसतात. धोरणाला लागतो तो आठवड्यांचा हिशेब.

शेजाऱ्याच्या शेतात

सुरुवातीला प्रत्येकाने आपापली राखण केली. गॅसची तोफ, गाडी, माणसं, रात्री दिवे. हाकललेला क्रौंच रशियाला परत जात नाही, बांध ओलांडून शेजारच्या शेतात बसतो. पहिल्याने शंभर खर्च करून आपलं नुकसान वाचवलं ते दुसऱ्याच्या माथी मारून. दुसऱ्याने शंभर खर्च केले, पाखरं तिसऱ्याकडे. खोऱ्याचं एकूण नुकसान जवळपास तेवढंच राहिलं, वर राखणीचा खर्च चढला. शिवाय सतत उडत राहणाऱ्या पक्ष्याला भूक जास्त लागते, त्यामुळे तो खातोही जास्त.

इथे हुलाची एक सोय होती, जी आपल्याकडे नाही. तिथली जमीन किबुत्झ आणि मोशाव या सामुदायिक व सहकारी वस्त्यांच्या हातात, मोठमोठ्या सलग तुकड्यांत. एका टेबलाभोवती थोडी माणसं बसली की खोऱ्याचा मोठा भाग बसल्यासारखा. आपल्याकडे तेवढ्याच क्षेत्रात शेकडो खातेदार, त्यात सामाईक सातबारा, त्यात पुण्या-मुंबईला गेलेले भाऊ. एकत्र येण्याचाच खर्च इतका की बैठक होईपर्यंत हंगाम संपेल. हुलाचं मॉडेल इथे आणा म्हणणाऱ्यांनी आधी हे पाहावं.

तर नव्वदचं दशक संपता संपता शेतकरी, केकेएल, निसर्ग व उद्यान प्राधिकरण, निसर्ग संरक्षण संस्था आणि कृषी खातं यांनी मिळून एक व्यवस्था बसवली. तळ्याजवळच्या एका शेतात रोज मका टाकायचा आणि बाकीच्या शेतांतून क्रौंचांना एकत्रितपणे हाकलायचं. दोन्ही गोष्टी एकाच वेळी. नुसता मका टाकला तर पाखरं मकाही खातात आणि हरभराही. नुसतं हाकललं तर वरचं रहाटगाडगं. हाकललेल्याला जायला जागा असेल, तरच हाकलण्याला अर्थ.

दाणे हंगाम लागल्याबरोबर सुरू करत नाहीत. शरद ऋतूत सरवा असतोच, आणि पुढे आफ्रिकेला जायचे आहेत ते थवे निघून जावेत हाही हेतू. पेरणी होऊन सरवा संपला की मका सुरू, आणि मार्चच्या आसपास क्रौंच उत्तरेला परतेपर्यंत चालू.

पाव किलोचा हिशेब

आता माझं गणित. हे इस्रायलचे अधिकृत आकडे नाहीत. प्रमाण कळावं म्हणून आपल्या भावांत मांडतो आहे.

एक क्रौंच दिवसाला पाव किलो धान्य खातो असं धरा. ३०,००० क्रौंच म्हणजे रोज साडेसात टन. ऐंशी दिवसांचे ६०० टन, म्हणजे ६,००० क्विंटल. मक्याचा २०२४-२५ चा हमीभाव क्विंटलला २,२२५ रुपये. एकूण १ कोटी ३३ लाख ५० हजार. पक्ष्यामागे हंगामाला ४४५ रुपये. ट्रॅक्टर, माणसं, राखण वेगळी.

एवढा पैसा पाखरांना का घालायचा? कारण क्रौंच जे खातो त्याची किंमत आणि क्रौंचामुळे जे बुडतं त्याची किंमत या दोन निराळ्या गोष्टी आहेत. हरभऱ्याला हेक्टरी ७५ ते ८० किलो बियाणं लागतं. जिरायतात हेक्टरी दहा क्विंटल आणि बागायतात वीस क्विंटल उतारा धरला, तर एका किलो बियाण्यातून साधारण तेरा ते पंचवीस किलो हरभरा निघतो. पाव किलो पेरलेलं बी उकरलं गेलं की कमीत कमी तीन किलो पीक गेलं. २०२५-२६ च्या खरेदी हंगामाचा हरभऱ्याचा हमीभाव ५,६५० रुपये. तीन किलोचे झाले १७० रुपये. एका बाजूला दिवसाला साडेपाच रुपयांचा मका, दुसऱ्या बाजूला १७० रुपयांचा हरभरा.

यात मी शेतकऱ्याच्या बाजूने थोडी ओढ घेतली आहे, हे कबूल. बी उकरण्याजोगं असतं ते दिवस थोडे. विरळ झालेल्या शेतात उरलेली रोपं जास्त फुटवे धरतात आणि तूट काही प्रमाणात भरून काढतात. क्रौंच किडे, मुळंही खातो. तरी तीस पटींचा फरक या सवलती देऊन संपत नाही. कणसाच्या भावाने विकत घेतलेला दाणा देऊन पेरलेला दाणा सोडवून घ्यायचा, एवढाच हा सौदा आहे.

नुकसानभरपाईशी याची तुलना करा. आपल्याकडे रानडुकराने किंवा हरणाने पीक खाल्लं की अर्ज, मग पंचनामा, मग वाट पाहणं. पैसे येतात तेव्हा पीक गेलेलं असतं, आणि नुकसान किती हे ठरवण्यावर दोन्ही बाजूंचा वेळ जातो. हुलात पैसे नुकसानाच्या आधी खर्च होतात. कुणाचं किती गेलं यावर भांडण नाही, पंचांची सही नाही. पण भरपाईत एक गुण आहे, जो दाण्यात नाही : भरपाईमुळे रानडुकरं वाढत नाहीत.

कमाई कुणाची

क्रौंच पाहायला माणसं येतात. आगमोनला वर्षाला लाखोंनी पर्यटक येत, आणि हिवाळा हा त्यातला भराचा काळ. आत खासगी मोटारी नाहीत. सायकल भाड्याने घ्या, छोटी विजेची गाडी घ्या, नाहीतर ट्रॅक्टरने ओढलेल्या बंद डब्यात बसा. या डब्याला हिब्रूत ‘अगलात मिस्तोर’ म्हणतात, लपायची गाडी. क्रौंचांना ट्रॅक्टर म्हणजे मका हे पाठ झालेलं. त्यामुळे डबा थव्याच्या मधोमध जाऊन उभा राहिला तरी ते हलत नाहीत. नुकसान टाळायला केलेली सोय अशी तिकीट लावायच्या लायकीची झाली. मला या प्रकरणातला हा सर्वांत आवडणारा भाग, कारण तो कुणी आराखड्यात लिहिलेला नव्हता.

वर काढलेला १ कोटी ३३ लाखांचा मका दोन लाख पर्यटकांवर वाटला, तर माणशी ६७ रुपये पडतात. चहा-वड्याचा खर्च. एवढ्यावरून योजना स्वतःच्या पायावर उभी राहायला हवी, असं वाटेल. अडचण अशी की तिकिटाचा पैसा आगमोनच्या फाटकावर जमा होतो आणि उरलेला मोठा पैसा फाटकाबाहेर. गालील म्हणजे उत्तर इस्रायलचा हा डोंगराळ भाग. तिथे गावोगावी त्सिमर आहेत, म्हणजे शेतघरातल्या पाहुण्यांच्या खोल्या. थंडीत एरवी त्या रिकाम्या राहिल्या असत्या. खाणावळी आहेत, पेट्रोल पंप आहेत. क्रौंचामुळे त्यांचा हंगाम भरतो आणि मक्याच्या बिलात त्यांचा वाटा नसतो. आणि सर्वांत दूरचे फुकटे म्हणजे रशिया आणि फिनलंडचे पक्षिप्रेमी, ज्यांचे क्रौंच हिवाळ्यात दुसऱ्याच्या खर्चाने जगतात.

नॉर्वेत हाच पेच वेगळ्या रूपात दिसतो. मूस हे तिथलं अवाढव्य हरीण उन्हाळ्यात एकीकडे चरतं आणि बर्फ पडला की दुसऱ्या खोऱ्यात उतरतं. शिकार शरद ऋतूत, स्थलांतराच्या आधी होते, म्हणून मांस उन्हाळी भागातल्या जमीनमालकाला. हिवाळ्यात पाईनचे कोवळे शेंडे खाऊन जंगलाचं नुकसान मात्र दुसऱ्याच मालकाचं. शिकारीचा कोटा पहिल्याच्या सोयीने ठरला तर मूस जास्त राहतात, दुसऱ्याच्या सोयीने ठरला तर कमी. स्थलांतर नसतं तर नफा आणि तोटा एकाच खिशात पडला असता आणि मालकाने आपोआप मधला आकडा शोधला असता. हुलात सुदैवाने दोन्ही खिसे एकाच खोऱ्यात होते. निदान तसं वाटत होतं.

दाण्याने बांधलेलं पाखरू

दाण्यामुळे नुकसान कमी झालं, हे योजनेचं यश म्हणून सांगितलं जातं. कशाच्या तुलनेत कमी? आज दाणे बंद केले तर जे होईल, त्याच्या तुलनेत. ३०,००० भुकेले क्रौंच पेरलेल्या शेतांवर तुटून पडले तर काय होईल, ही भीती खरी आहे. पण ३०,००० थांबले कशामुळे, हा प्रश्न त्या तुलनेत हरवतो. पाच हजार पक्षी असताना दाणे बंद करण्याचा तोटा एक. तीस हजार झाल्यावर कितीतरी मोठा. दरवर्षी मका टाकायचा, त्यामुळे न टाकण्याची किंमत वाढत जायची, आणि ती वाढलेली किंमत दाखवून पुढच्या वर्षीचा मका मंजूर करून घ्यायचा. कुणी फसवत नाही. प्रत्येक वर्षाचा निर्णय त्या वर्षापुरता बरोबर असतो. पण मोजपट्टी योजनेच्याच हातात आहे.

सगळा दोष मक्याला देता येणार नाही. युरोपात क्रौंचांची संख्या गेल्या काही दशकांत एकूणच वाढली आहे, हिवाळे सौम्य झाले आहेत, आणि तळं व भुईमूग दाण्याच्या आधीपासून होते. तरी जो पक्षी इथिओपियापर्यंतचा प्रवास वाचवू शकतो तो वाचवणारच. दमून-भागून दोन हजार किलोमीटर वाळवंट ओलांडायचं की ट्रॅक्टरमागे चालायचं?

डिसेंबर २०२१

डिसेंबर २०२१ मध्ये आगमोनच्या पाण्यात मेलेले क्रौंच तरंगताना दिसू लागले. एच५एन१ बर्ड फ्लू. अंगभर पांढरे संरक्षक कपडे घातलेली माणसं होड्यांतून कलेवरं गोळा करत होती. महिनाअखेरीस आकडा ५,००० च्या पुढे गेला आणि शेवटी सुमारे ८,००० क्रौंच मेले. त्या हिवाळ्यात खोऱ्यात ३०,००० च्या आसपास क्रौंच होते, म्हणजे चारातला एक. तत्कालीन पर्यावरण मंत्री तामार झँडबर्ग यांनी हा देशाच्या इतिहासातला वन्यजीवांवरचा सर्वांत मोठा आघात असल्याचं म्हटलं.

मेलेल्या क्रौंचांचं दुःख आहेच. पण हिशेबात मोठी नोंद दुसरीकडे झाली. लेबनॉन सीमेला टेकलेल्या मार्गालिओत या मोशावमध्ये लागण निघाली आणि पाच लाखांहून जास्त कोंबड्या माराव्या लागल्या. देशात अंड्यांची टंचाई झाली, आयात करावी लागली. इथे एक जुनं सरकारी धोरण मध्ये येतं. सीमेवरची गावं ओस पडू नयेत, म्हणून इस्रायलने अंडी-उत्पादनाचे कोटे मोठ्या प्रमाणात गालीलच्या डोंगरी मोशावांना दिले. त्यामुळे देशाच्या अंड्यांचा मोठा वाटा त्याच टापूत, बऱ्याचशा जुन्या खुराड्यांतून येतो. एका खात्याने डोंगरावर कोंबड्या दाटीने ठेवल्या, दुसऱ्या व्यवस्थेने खाली खोऱ्यात क्रौंच दाटीने ठेवले. दोघांनी एकमेकांना विचारलं नाही. रोग रानातून खुराड्यात जातो की खुराड्यातून रानात, हा वाद रंगतो, पण हिशेबाला दोन्ही दिशा सारख्याच : जवळजवळची दोन मोठी गर्दी म्हणजे एकाची आग दुसऱ्याच्या छपराला.

नव्वदच्या दशकातल्या त्या टेबलाभोवती पीक घेणारे होते, निसर्गवाले होते, पर्यटनवाले होते, सरकार होतं. अंडीवाला नव्हता. त्याला बोलवायचं कारणच कुणाला दिसलं नव्हतं, क्रौंच काही अंडी खात नाही. वीस वर्षं मक्याचं बिल नियमित लिहिलं गेलं, हरभऱ्याचं नुकसान लिहिलं गेलं, तिकिटांची विक्री लिहिली गेली. दाटीचा रकाना नव्हता. प्रत्येक जास्तीचा क्रौंच त्या शेतात उतरला की साथीची शक्यता किंचित वाढत होती आणि ती कुणाच्याच खात्यावर चढत नव्हती. वीस वर्षांत एकदाच येणारं बिल असलं की वार्षिक अंदाजपत्रकाला ते दिसत नाही. आलं तेव्हा ते अशा माणसाच्या दारात आलं, ज्याला क्रौंचामुळे एक पैसाही मिळाला नव्हता.

आणि साथ आल्यावर हातही बांधलेले. दाणे बंद करावेत, तर आजारी पक्षी खोरंभर आणि त्यापलीकडे पांगणार, पेरलेल्या शेतांत, कोंबड्यांच्या गावांजवळ. चालू ठेवावेत, तर त्याच शेतात खांद्याला खांदा लावून खाणार. वाघाच्या पाठीवरून उतरायचं कसं, हा प्रश्न वाघ दमल्यावर सोपा होत नाही.

हे फक्त हुलाचं नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये जोधपूर जिल्ह्यात कुरजा, म्हणजे आपले कांड्या करकोचे, याच एच५एन१ ने मेले. त्याच प्रदेशातलं खीचन गाव कुरजांना पिढ्यानपिढ्या दाणे टाकत आलं आहे. तिथे दाण्यामागे श्रद्धा आहे, पीक वाचवण्याचा बेत नाही. पण पक्ष्याच्या अंगातल्या विषाणूला दाणा कोणत्या हेतूने टाकला हे कळत नाही.

मी त्या टेबलावर असतो तर

चार गोष्टी मागितल्या असत्या, त्यातल्या दोन बहुधा नाकारल्या गेल्या असत्या.

पहिली, संख्येवर मर्यादा. इतके क्रौंच होईपर्यंत मका, त्यापुढे दरवर्षी मका थोडा कमी आणि सुरुवात थोडी उशिरा. कमी करायचं ते डिसेंबरात, फेब्रुवारीत नाही. हंगामाच्या सुरुवातीला पक्ष्याला पुढे जायला पर्याय असतो, मध्यावर नसतो. दुसरी, दाण्याची जागा एकच नको. चार-पाच ठिकाणी पसरलं तर राखण महाग पडते आणि पर्यटकांचा देखावा विरळ होतो. म्हणूनच याला विरोध झाला असता : जी दाटी रोगाला सोयीची, तीच तिकिटालाही. पर्यटक वीस क्रौंच पाहायला इतक्या लांब येत नाही.

तिसरी, त्सिमरच्या प्रत्येक रात्रीमागे छोटा अधिभार, हिवाळ्यापुरता. फुकट्यांचा वाटा त्यातून यावा. आणि चौथी, त्या अधिभारातला एक भाग साथीसाठी बाजूला, ज्यातून कोंबडीवाल्यांची जुनी खुराडी बंदिस्त करायला मदत व्हावी. ही भरपाई नाही. ज्याच्या दारात आग येऊ शकते, त्याच्या छपरावर आधीच पत्रा घालणं. क्रौंच ठेवण्याची खरी किंमत मका अधिक राखण अधिक हा पत्रा, अशी धरली असती तर तीस हजारांचा आकडा कदाचित वीस हजारांवरच महाग वाटू लागला असता.

तिसऱ्या मागणीचा कमकुवतपणा मला नंतर दिसला, २०२३ मध्ये. ऑक्टोबरात युद्ध सुरू झालं आणि लेबनॉन सीमेवरची गावं रिकामी करण्यात आली. खोऱ्याच्या वरच्या टोकाचं किर्यात श्मोना शहर ओस पडलं, मार्गालिओतही. पर्यटन ठप्प झालं. तिकीट नाही, त्सिमरला गिऱ्हाईक नाही, अधिभार असता तर त्यातही शून्य पैसे जमले असते. क्रौंचांना याची खबर नव्हती, ते आपल्या वेळेला आले. उत्पन्न शांततेवर अवलंबून, नुकसान थंडीवर. एकाच पक्ष्याच्या या दोन बाजू मी इतका वेळ एकाच वहीत समोरासमोर लिहीत होतो, जणू त्या एकत्रच वर-खाली होतात. त्या हिवाळ्यात शेतांवर रॉकेटं पडत होती आणि ज्यांना आपल्या जमिनीपर्यंत पोहोचता येत होतं ते, सरवा संपायच्या आत, हरभऱ्याची पेरणी उरकत होते.